सत्यम : पत्र येईपर्यंतचे तास

१६ डिसेंबर २००८, संध्याकाळ. मुंबईचा बाजार उठल्यावर हैदराबादहून सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसची घोषणा येते. मेटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मेटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा सत्यम विकत घेणार, सुमारे १.६ अब्ज डॉलरला. दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला जमिनी आणि बांधकाम कशाला हवं, हे गुंतवणूकदारांना कोणी पटवून देऊ शकत नाही.

रात्री ८ नंतर. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो आणि सत्यमचा एडीआर, म्हणजे तिथे खरेदी-विक्री होणारी शेअरची पावती, निम्म्याहून अधिक कोसळतो. सकाळ होईपर्यंत राजू व्यवहार मागे घेतात.

१७ डिसेंबर, सकाळी ९.५५. व्यवहार रद्द झाला, म्हणजे भाव सावरायला हवा. पण दिवसअखेर तो २२६ रुपयांवरून १५८ वर येतो. मला हा दिवस या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजाराने व्यवहाराला नव्हे, तो मांडणाऱ्या माणसांना नवा भाव लावला. ताळेबंदावर मात्र त्याचा विश्वास अजून शाबूत होता. सप्टेंबरअखेरच्या पुस्तकांत रोख आणि बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती; सुमारे ६७ कोटी शेअर धरले तर दर शेअरमागे जवळपास ८० रुपये. एवढी रोकड असलेला शेअर याहून किती पडणार, असा हिशेब अनेकांनी केला असेल.

२३ डिसेंबर. जागतिक बँकेने सत्यमला आठ वर्षांसाठी कामं नाकारल्याचं उघड होतं. वर्ष संपण्याआधी चार स्वतंत्र संचालक राजीनामे देतात. राजूंनी गहाण ठेवलेले शेअर सावकार विकू लागतात.

७ जानेवारी २००९, सकाळी ९.५५. शेअर १७९ रुपयांच्या आसपास.

अकराच्या सुमारास. संचालक मंडळाला लिहिलेलं राजूंचं पत्र शेअर बाजारांकडे आणि सेबीकडे पोहोचतं. ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ३७६ कोटींचं व्याज खोटं, १,२३० कोटींचं देणं दडवलेलं, येणी ४९० कोटींनी फुगवलेली. सप्टेंबर तिमाहीची विक्री २,७०० कोटी दाखवली, खरी २,११२ कोटी. नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी. दोन्हीकडे फरक ५८८ कोटींचाच, आणि त्या तिमाहीत तेवढीच रक्कम बँकशिल्लकेत चढवली गेली. खोटी विक्री एकदा लिहिली की तिचे न आलेले पैसेही कुठेतरी दाखवावे लागतात. मेटास व्यवहार हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असंही राजू लिहितात. म्हणजे १६ डिसेंबरच्या रात्री गुंतवणूकदार संतापले नसते, तर हा खड्डा जमिनींनी बुजला असता.

बँकशिल्लक ही ताळेबंदातली पडताळायला सर्वांत सोपी बाब. लेखापरीक्षक होते प्राइस वॉटरहाउस. बँकांकडून शिल्लकेची खात्री करून घेणारी पत्रं पाठवणं आणि उत्तरं स्वीकारणं त्यांनी सत्यमवरच सोडलं होतं, असा ठपका अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसीने २०११ मध्ये ठेवला. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्याच हाती टपाल! लाखो लोकांची बचत ज्या सहीवर विसंबते, त्या सहीची ही किंमत अक्षम्य आहे.

दुपारी ३.३०. शेअर ४० रुपयांवर, एका दिवसात जवळपास ७८ टक्के खाली. सेन्सेक्स ७४९ अंकांनी उतरून ९,५८७ वर. इतर कंपन्यांची पुस्तकं बदललेली नव्हती. त्यांच्यावरचा विश्वास बदलला होता. सेबीचे अध्यक्ष चंद्रशेखर भावे या घटनेची व्याप्ती भयावह असल्याचं सांगतात. रात्री न्यूयॉर्कमध्ये सत्यमचे व्यवहार थांबवलेलेच राहतात.

८ जानेवारी. मोहरमची सुट्टी. विकायचं म्हटलं तरी बाजार बंद.

९ जानेवारी. भाव ११.५० पर्यंत घसरतो आणि २३.८५ वर बंद होतो. रात्री राजूंना अटक होते.

त्याच महिन्यात सेबीने प्रवर्तकांना गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये दराची बोली लावून लिलाव जिंकला. माणसं आणि ग्राहक खरे होते, त्यांचा तो भाव होता. सत्यमचे दुरुस्त हिशेब तोवर कोणाच्याच हाती नव्हते. ते सप्टेंबर २०१० मध्ये आले.