हृदय साहाय्यक यंत्र आणि रुग्णालयातील पुनर्प्रवेश

हृदय साहाय्यक यंत्रानंतरचा पुनर्प्रवेश म्हणजे निकामी होत चाललेल्या हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप बसवून घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागणे. अशा पंपांपैकी डाव्या निलयाचा भार हलका करणारा पंप सर्वाधिक वापरला जातो. तो एलव्हीएडी या लघुनामाने ओळखला जातो. या यंत्राने आयुष्य वाढते. मात्र बहुसंख्य रुग्णांना पहिल्या वर्षात किमान एकदा तरी रुग्णालयात परतावे लागते. म्हणून रुग्ण किती काळ जगला याबरोबरच त्यातले किती दिवस तो घरी राहू शकला, हाही या उपचाराचा निकष मानला जातो.

यंत्राचे स्वरूप

हा पंप डाव्या निलयाच्या टोकाशी बसवतात. तो निलयातील रक्त ओढून महाधमनीत सोडतो. पंपाची विद्युततार पोटाच्या त्वचेतून बाहेर येऊन कमरेवरील नियंत्रक व बॅटऱ्यांना जोडलेली असते. आधुनिक पंपात रक्तप्रवाह अखंड असल्याने अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही आणि रक्तदाब डॉप्लर उपकरणाने मोजावा लागतो.

2001 साली प्रसिद्ध झालेल्या 'रीमॅच' या अमेरिकी चाचणीत 129 रुग्ण होते. यंत्र बसवलेल्यांपैकी 52 टक्के रुग्ण एक वर्षानंतर हयात होते, तर केवळ औषधांवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण 25 टक्के होते. पुढे आलेल्या 'हार्टमेट 3' या पंपात चुंबकीय बलावर तरंगणारे चक्र असून रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण बरेच घटले आहे. 'एचव्हीएडी' या पंपाची विक्री मात्र 2021 साली सुरक्षिततेच्या कारणावरून थांबवण्यात आली.

पुनर्प्रवेशाची कारणे

अमेरिकेतील नोंदींनुसार साधारण 30 टक्के रुग्ण घरी गेल्यापासून 30 दिवसांच्या आत परततात. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

रक्तस्राव: गुठळी टाळण्यासाठी वॉरफरिन द्यावे लागते. शिवाय पंपातून जाताना रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या एका प्रथिनाचे मोठे रेणू तुटतात. त्यामुळे आतड्यातून रक्त जाणे ही नेहमीची तक्रार ठरते.

जंतुसंसर्ग: त्वचेतून बाहेर येणाऱ्या तारेची जागा कायम उघडी राहते. तारेला हिसका बसणे वा पट्टी ओली राहणे संसर्गास कारणीभूत होते.

उजव्या निलयाची दुर्बलता: यंत्र डाव्या बाजूला मदत करते, उजवीला नाही. पायांवर सूज येते व वजन वाढते.

इतर: हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात, पंपातील गुठळी व यंत्रातील बिघाड.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसर

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारतातील पहिला हृदयप्रत्यारोपणाचा प्रयत्न केला. ऑगस्ट 2015 मध्ये ठाण्याला लागून असलेल्या मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पुण्याहून आणलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण झाले. दाते कमी असल्याने यंत्राचा पर्याय महत्त्वाचा ठरतो, परंतु अनेक लाखांच्या खर्चामुळे भारतात त्याचा वापर मर्यादित आहे.

या परिसरात घरी परतलेल्या रुग्णापुढे काही विशेष प्रश्न उभे राहतात. यंत्र विजेवर चालते. बॅटऱ्यांची जोडी प्रकारानुसार साधारण 10 ते 17 तास पुरते. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा भागातील वीजवाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई व ठाण्याच्या मोठ्या भागात वीज गेली आणि लोकलगाड्या थांबल्या. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण परिसरात पाणी साचून दळणवळण तुटले होते. अशा प्रसंगी भरलेल्या राखीव बॅटऱ्या आणि रुग्णालयापर्यंतचा पर्यायी मार्ग आधी ठरवलेला असणे आवश्यक असते. लोकलच्या गर्दीत तार ओढली जाण्याचा धोका असतो. साचलेल्या पाण्यात उतरल्यास संसर्गाचा आणि यंत्र बिघडण्याचाही.

कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही महापालिकांची रुग्णालये अनेकांसाठी सर्वांत जवळची आहेत. यंत्राची सविस्तर तपासणी मात्र ते बसवणाऱ्या केंद्रातच होते. बेशुद्ध रुग्णाची नाडी लागली नाही, एवढ्यावरून हृदय थांबले असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून रुग्णाजवळ यंत्राचे नाव व केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड असणे आणि 108 रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना ते दाखवणे मोलाचे ठरते.

प्रतिबंध

रोजचे वजन, तारेच्या जागेची निर्जंतुक पट्टी, रक्तदाबावर नियंत्रण आणि आयएनआर ही रक्ततपासणी, हे काळजीचे मुख्य भाग होत. वॉरफरिन चालू असताना पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या वर्ज्य नसतात. त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे लागते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 'एरीज' चाचणीत 'हार्टमेट 3' च्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन न दिल्याने गुठळ्या न वाढता रक्तस्राव सुमारे एक-तृतीयांशाने घटला. तथापि कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करू नये.

घरातील एका तरी व्यक्तीला बॅटरी बदलणे, पट्टी बांधणे व धोक्याचा इशारा ओळखणे शिकवले जाते. काळी शौच, ताप, तारेच्या जागी पू, अचानक वाढलेले वजन, बोलण्यातील अडखळ ही तातडीने केंद्राला कळवण्याची लक्षणे आहेत. प्रत्येक पुनर्प्रवेश हे उपचाराचे अपयश नसते. काही नियोजित असतात, तर वेळीच झालेला पुनर्प्रवेश मोठी हानी टाळतो.

हेही पाहा

हृदयप्रत्यारोपण
अवयवदान
वॉरफरिन