पेल्यांचे मनोरे

१९८१ साली कॅलिफोर्नियातील ओशनसाइड गावी वेन गोडिनेट यांनी मुलांना कागदी पेले रचण्याचा खेळ लावून दिला. पुढे प्लॅस्टिकचे पेले आले. ते एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला भोके ठेविली. १९९० मध्ये हा खेळ दूरचित्रवाणीवर झळकला. मग कोलोरॅडोतील बॉब फॉक्स या शिक्षकाने तो शाळाशाळांत नेला.

नियम मोठा मार्मिक आहे. मनोरा मध्येच ढासळला, तर तिथेच सावरून पुढे जायचे. घड्याळ मात्र चालूच!

वीस वर्षे मी मास्तरकी करतो आहे. फळ्यावर गणित चुकले की मुलाला जागेवर बसवीत आलो. परवा वर्गात एकाचे पेले कोसळले. तो मुकाट्याने पुन्हा रचू लागला. या खेपेस मी त्याला बसविले नाही.