गिधाडाचे यकृत आणि गाईचे औषध

एके काळी दिल्लीच्या आकाशावर गिधाडांचे राज्य होते. रशियन प्राणिशास्त्रज्ञ गालुशिन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील सुमारे दीडशे चौरस किलोमीटरच्या टापूत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची अंदाजे चारशे जोडपी असल्याचे म्हटले आहे. शतक संपण्याच्या सुमारास ही झाडे ओस पडली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर ही घसरण शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत घडली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तिची नोंद १९९९ मध्ये जगापुढे ठेवली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील ही जात हजारांत एक या प्रमाणात उरली.

ही साथ असावी, असा प्रथम तर्क झाला. परंतु मृत पक्ष्यांच्या शवविच्छेदनात अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर आढळे, आणि रोगजंतू मात्र सापडत नसे. अखेर लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील गिधाडांवरून २००४ मध्ये या कोड्याचा उलगडा केला. गाईम्हशींच्या दुखण्यावर व सुजेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते.

जे औषध गाईला उपकारक ठरते, तेच गिधाडाला विष का व्हावे? याचे उत्तर मूत्रपिंडात आहे, तसेच यकृतातही आहे. बाहेरून आलेल्या द्रव्याचे रूप पालटून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करणारी विकरे प्रामुख्याने यकृतात असतात. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्विन, अ‍ॅक्सेलरॉड व ब्रोडी यांनी हेक्सोबार्बिटोन हे झोपेचे औषध निरनिराळ्या प्राण्यांना दिले. उंदीर सुमारे बारा मिनिटांत जागा झाला, घुशीच्या जातीचा मोठा उंदीर दीड तासाने उठला, आणि कुत्रा निम्मी मात्रा असूनही पाच तासांहून अधिक झोपला. औषध तेच होते. यकृताचा वेग मात्र निराळा होता.

हा वेगही स्थिर नसतो. त्या मोठ्या उंदरांत नर मादीपेक्षा लवकर जागा होतो. मादीला नराचे संप्रेरक टोचले, तर तिचीही झोप आखूड होते. फेनोबार्बिटल काही दिवस दिले, की यकृत ही विकरे अधिक प्रमाणात तयार करू लागते आणि मग इतर औषधेही लवकर संपतात. मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉल निकामी करणारे एक साधन दुबळे असते, म्हणून माणसाची साधी गोळी त्याच्या जिवावर बेतते. तात्पर्य, एका प्राण्यावरील अनुभव दुसऱ्यावर लादता येत नाही. गिधाडांच्या बाबतीत हेच झाले. डायक्लोफेनॅक त्यांच्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळते आणि तोवर मूत्रपिंडांतील पेशींचा नाश होत जातो.

येथून पुढचा इतिहास दिल्लीच्या कचेऱ्यांत घडला. मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या बैठकीनंतर जनावरांसाठीचे हे औषध बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्याचे आदेश निघाले. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम प्रत्यक्ष गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरविले गेले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये त्यांची मर्यादा तीन मिलिलीटरवर आणावी लागली. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. अ‍ॅसिक्लोफेनॅक या वरवर निराळ्या औषधाचे गाईच्या शरीरातच डायक्लोफेनॅकमध्ये रूपांतर होते. गाईचे शरीरच ते विष तयार करीत होते! जुलै २०२३ मध्ये त्यावर व कीटोप्रोफेनवर जनावरांपुरती बंदी आली.

या सर्वाची किंमत केवळ पक्ष्यांनी मोजली, असे नव्हे. मढी उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री त्यांवर पोसली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचा धोका वाढला. मुंबईतील पारशी समाजाला दोखम्यांवरील शतकानुशतकांचा अंत्यविधी पूर्वीप्रमाणे पार पाडणे कठीण झाले. मृतांची विल्हेवाट विनामूल्य लावणारा एक सेवक गेल्यावरच त्याच्या सेवेचे मोल समाजाला कळले.

पिंजोर येथील केंद्रात गिधाडांची पैदास चालू आहे. परंतु गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलाला वयात यायला कित्येक वर्षे लागतात. जी संख्या पंधरा वर्षांत नाहीशी झाली, ती भरून यायला कित्येक दशके पुरणार नाहीत. म्हणून औषध बाजारात येण्यापूर्वी ते ज्याला द्यावयाचे त्याच्यावरच नव्हे, तर ज्याच्या तोंडी ते अखेरीस जाणार त्याच्यावरही तपासले पाहिजे. गाईला बरे करताना तिच्यानंतर पंगतीला बसणाऱ्याचा विचार करणे, हाच या प्रकरणाचा धडा होय.