विद्युतचुंबकीय स्पंद व स्तरित पदार्थ

अत्यल्प काळ टिकणाऱ्या तीव्र विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या लाटेस विद्युतचुंबकीय स्पंद म्हणतात. वीज कोसळणे आणि अतिउंचावरील अणुस्फोट हे त्याचे प्रमुख उगम होत.

थरांमधील वर्तन : स्पंदात अनेक कंप्रता मिसळलेल्या असतात. स्तरित म्हणजे थराथरांच्या पदार्थात दोन थरांच्या सीमेवर त्याची काही ऊर्जा परावर्तित होते, काही थरात शोषली जाते व उरलेली पुढे जाते. धातूत कंप्रता वाढली की लाटेचा शिरकाव कमी होतो. तांब्यात लाटेच्या क्षेत्राची तीव्रता सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास ५० हर्ट्‌झला सुमारे ९ मिमी., तर १० लाख हर्ट्‌झला केवळ ०.०७ मिमी. खोली पुरते. म्हणून पातळ पत्राही स्पंदाचा वेगवान भाग अडवतो. मंद चुंबकीय भागासाठी लोहयुक्त थर लागतो.

संमिश्र पदार्थ : कार्बन तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांना मांडून रेझिनने जोडलेले असतात. प्रवाह तंतूंच्या दिशेने सहज वाहतो. एका थरातून दुसऱ्यात जाताना मात्र रेझिन आड येते. वीज पडल्यास त्या जागी प्रचंड उष्णता निर्माण होते, रेझिनचा वायू बनतो आणि त्याच्या दाबाने थर सुटतात. वजनाने सुमारे निम्मे संमिश्र असलेल्या बोइंग ७८७ सारख्या विमानांत हे टाळण्यासाठी बाह्य थरात धातूची बारीक जाळी किंवा वर्ख बसवतात. विमानांच्या वीजचाचण्यांत प्रवाहाचे शिखरमूल्य २ लाख अँपिअर धरतात.

व्यवस्थांवरील परिणाम : जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकमधील जॉन्स्टन बेटाजवळ सुमारे ४०० किमी. उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ हा १.४ मेगाटनांचा स्फोट केला. त्याच्या गॅमा किरणांनी वातावरणाच्या वरच्या थरातील अणूंमधून उडवलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळले आणि त्यातून स्पंद उद्‌भवला. सुमारे १,४५० किमी. दूर हवाई बेटांवर सुमारे ३०० पथदिवे विझले व चोरघंटा वाजल्या.

संरक्षण : इमारत, खोली व उपकरणाची पेटी अशी धातूची आवरणे एकात एक ठेवतात. आत येणाऱ्या प्रत्येक तारेवर अतिदाबरोधक बसवतात किंवा तारेऐवजी काचतंतू वापरतात. दाराच्या फटी संवाहक पट्ट्यांनी बुजवतात. आवरणाची परिणामकारकता पत्र्याच्या जाडीपेक्षा सांधे, छिद्रे व तारांचे प्रवेशमार्ग यांवर अधिक अवलंबून असते.