मशीनला विचारलं, "बाबा रे, तू कुठे आहेस?"

मंडळी, लोडशेडिंगचे दिवस आठवतात? २००६ च्या सुमारास मी एका कारखान्यात मशीनचं सॉफ्टवेअर लिहायचो. लाइट गेली की सगळे चहाला पळायचे. खरी गंमत लाइट आल्यावर! आपण कुठे उभे आहोत हेच मशीनला ठाऊक नसायचं. मग ऑपरेटर एकेक अक्ष हळूहळू कडेच्या स्विचपर्यंत नेणार आणि तिथे शून्य धरणार. याला म्हणतात होमिंग. एकदा घाईत कोणीतरी होमिंग न करताच सायकल चालू केली आणि टूल सरळ जॉबमध्ये घुसलं. शिव्या अर्थातच सॉफ्टवेअरवाल्याला!

कारण साधं होतं. मोटरवर इन्क्रिमेंटल एन्कोडर होता. तो फक्त "एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे" एवढंच सांगतो. हिशोब कंट्रोलरने ठेवायचा. वीज गेली की हिशोब पुसला.

अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरचं तसं नाही. त्याच्या चकतीवर प्रत्येक जागेचा नंबर कोरलेला असतो. एकात एक गोल पट्टे, प्रत्येक पट्टा म्हणजे एक बिट. काळा भाग ०, पारदर्शक भाग १. १२ पट्टे असले की ४०९६ जागा, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाहूनही बारीक. लाइट आली, नंबर वाचला, काम सुरू.

पण इथे एक गोची आहे. साध्या बायनरीत ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. म्हणजे ३ वरून ४ वर जाताना तिन्ही बिट एकाच क्षणी बदलायला हवेत. चकती कितीही नीट कोरा, एखादा बिट केसभर आधी बदलणारच. नेमकं तेव्हाच वाचलं तर १११, म्हणजे ७! सर्व्होला वाटणार आपण भलतीकडेच आहोत, आणि तो ती नसलेली चूक सुधारायला धावणार. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध रेस कंडिशन.

याचं उत्तर आलं टेलिफोनच्या दुनियेतून. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये फ्रँक ग्रे नावाचा संशोधक आवाजाचे आकडे करणाऱ्या नळीवर काम करत होता. आवाजाच्या पातळीप्रमाणे इलेक्ट्रॉनचा झोत भोकं पाडलेल्या पत्र्यावर वर-खाली सरके आणि त्या ओळीतली भोकं वाची. झोत दोन ओळींच्या मध्ये पडला की अर्धा आकडा या ओळीतला, अर्धा त्या! म्हणजे दुखणं तेच. ग्रेने ओळींचा क्रमच असा लावला की शेजारच्या दोन ओळींत फक्त एकच बिट वेगळा असेल. १९४७ साली त्याने पेटंटचा अर्ज केला, १९५३ साली ते मिळालं.

कृती अगदी सोपी. ० आणि १ लिहा. खाली आरसा धरा: १, ०. वरच्या जोडीमागे ०, खालच्या जोडीमागे १ लावा. झालं: ००, ०१, ११, १०. परत आरसा धरला की ३ बिट. यात ३ म्हणजे ०१० आणि ४ म्हणजे ११०. आता सीमेवर वाचलं तरी उत्तर एक तर ३ येईल नाही तर ४. सातवर उडी नाही! असा क्रम फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७० च्या दशकातच तारयंत्रासाठी वापरला होता, पण नाव चिकटलं ग्रेचं.

अर्थात चकती एकाच फेऱ्यातली जागा सांगते. फेरे मोजायला काही एन्कोडरमध्ये आत गिअर असतात, काहींमध्ये बॅटरी. बॅटरी संपली की फेऱ्यांचा हिशोब गेला आणि पुन्हा होमिंग! आता एकाच पट्ट्यावर सगळा संकेत बसवणारे आणि चुंबकीय एन्कोडरही आले आहेत.

पण ग्रेची युक्ती आपल्या लॅपटॉपच्या पोटातही आहे. वेगवेगळ्या घड्याळांवर चालणारे चिपचे दोन भाग एकमेकांना मोजणी कळवतात, तेव्हा ती बऱ्याचदा ग्रे कोडमध्येच असते. सगळं एकाच क्षणी बदलेल या भरवशावर राहू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे मला आधी कळलं असतं तर माझेही काही बग वाचले असते.

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.