डॉक्टर मॅकेंझी आणि अडथळ्यांची कला

आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट एवढंच चालायचं. तरीही या स्मरणिकेसाठी मी गोल्फची मैदानं आखणाऱ्या एका माणसाबद्दल लिहिते आहे. त्याचं काम आपल्या सरांच्या आणि बाईंच्या कामासारखंच होतं, असं मला वाटतं. दुसऱ्यासाठी अडथळे तयार करायचे, पण ते असे की त्याला पुन्हा यावंसं वाटेल.

अलिस्टर मॅकेंझी यांचा जन्म १८७० साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी झाला. केंब्रिजला शिकून ते डॉक्टर झाले आणि बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत लष्करी शल्यविशारद म्हणून गेले. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली. मूठभर बोअर शेतकरी मोठ्या ब्रिटिश फौजेला जेरीस आणत होते, कारण त्यांचे खंदक दिसतच नसत. माती, गवत, चढउतार यांत ते मिसळून गेलेले असत. पुढे पहिल्या महायुद्धात मॅकेंझी लष्करात याच लपवाछपवीच्या शास्त्रावर काम करत होते.

त्या काळी बरीच गोल्फची मैदानं पट्टी लावून आखल्यासारखी होती. वाटेत आडवा, सरळ रेषेतला वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर. चेंडू पलीकडे गेला तर ठीक, नाही तर शिक्षा. म्हातारा असो, नवशिका असो, सगळ्यांना एकच नियम. मॅकेंझींना हे पटलं नाही. ते स्वतः बराच काळ बेताचेच खेळाडू होते, त्यामुळे कच्च्या खेळाडूचं दुःख त्यांना ठाऊक होतं. लीड्सजवळ अल्वूडली इथे १९०७ साली त्यांनी वेगळा प्रयोग केला. मातीच्या उंचवट्यांना निसर्गातले आकार दिले आणि नवीन काम जुन्या जमिनीत मुरवून टाकलं.

१९१४ साली ‘कंट्री लाइफ’ मासिकाने गोल्फच्या एका भागाचा आराखडा मागवण्याची स्पर्धा घेतली. मॅकेंझींचा आराखडा पहिला आला. त्यात ध्येयापर्यंत जायला एकाहून जास्त वाटा होत्या. धाडसी खेळाडूने जवळची, धोक्याची वाट घ्यावी. सावध खेळाडूने लांबची. दोघेही पोहोचतील, फक्त एखादा फटका कमीजास्त. चांगली प्रश्नपत्रिकाही अशीच असते ना? कच्चा मुलगा पास होतो आणि हुशार मुलाला शेवटच्या प्रश्नावर डोकं खाजवावं लागतं. सॉफ्टवेअर लिहिताना मलाही हेच जमवायचं असतं, आणि ते फार कठीण असतं.

महायुद्धानंतर त्यांनी डॉक्टरकी सोडली. १९२० साली ‘गोल्फ आर्किटेक्चर’ हे छोटं पुस्तक लिहिलं. १९२६ साली ऑस्ट्रेलियाला जाऊन रॉयल मेलबर्नचा आराखडा केला. १९२८ साली कॅलिफोर्नियात समुद्राच्या कड्यावर सायप्रस पॉइंट उभं राहिलं. त्यावर नामवंत खेळाडू बॉबी जोन्स खूश झाले आणि जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथलं मैदान दोघांनी मिळून आखलं. पूर्वी तिथे रोपवाटिका होती. जगातल्या अव्वल खेळाडूंसाठीच्या या मैदानावर सुरुवातीला बंकर सुमारे २२च होते. कस लागायचा तो जमिनीच्या उतारांवर.

पण तो महामंदीचा काळ होता. क्लबकडे पैसा नव्हता. मॅकेंझींचं मानधन कमी करण्यात आलं आणि तेही पूर्ण मिळालं नाही. ६ जानेवारी १९३४ रोजी सांताक्रूझ इथे त्यांचं निधन झालं. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी ऑगस्टाला पहिली स्पर्धा झाली. तीच आज ‘मास्टर्स’ म्हणून जगभर पाहिली जाते. त्यांनी लिहून ठेवलेलं दुसरं पुस्तकही १९९५ साली, म्हणजे साठ वर्षांनी छापलं गेलं.

ऑगस्टा आणि सायप्रस पॉइंट इथे आज सभासदांशिवाय सहसा कोणाला प्रवेश नाही. पण सांताक्रूझचं पासाटिएंपो हे मैदान, ज्याच्या कडेला त्यांचं घर होतं, तिथे पैसे भरून कोणीही खेळू शकतं. त्यांची रक्षा तिथेच विखुरली आहे. सामान्य खेळाडूचा विचार आधी करणाऱ्या या डॉक्टरांना तीच जागा शोभते.

आपल्यातल्या अनेकांना अशाच शिक्षकांनी पुढे आणलं. आपलं पुढे काय झालं हे त्यांतल्या काहींना पाहता आलं नाही. त्या सगळ्यांना हा लेख अर्पण.