झांकली मूठ आणि उघडी विद्या

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण व्यवहारांत म्हणतों. मूठ झांकून ठेवल्यानें तिची किंमत खरोखरच टिकते काय, याची मोठी परीक्षा गेल्या चाळीस वर्षांत मोबाइल फोनच्या क्षेत्रांत झाली. हें यंत्र आज बहुतेकांच्या खिशांत असतें. पण त्याच्या पोटांत एक नव्हे, दोन संगणक असतात, हें थोड्यांसच ठाऊक असतें. पहिला पडद्यावर चित्रें दाखवितो व मालकाच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालतो. दुसरा मालकाशीं एक अक्षर बोलत नाहीं. त्याचें सारें संभाषण मनोऱ्याशीं, रेडिओलहरींच्या द्वारें. या दुसऱ्यास बेसबँड म्हणतात, आणि त्यास चालविणारी जी आज्ञावली यंत्रांतच भरलेली असते, तिला फर्मवेअर. ही आज्ञावली स्वतः लिहून ती सर्वांस वाचावयास मोकळी करणाऱ्या कांहीं माणसांचा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

इ. स. १९८२ मध्यें युरोपांतील टपाल व दूरसंचार खात्यांच्या परिषदेनें सर्व खंडास पुरेल अशी एक मोबाइल पद्धति ठरविण्याकरितां मंडळ नेमलें. त्या मंडळाच्या फ्रेंच नांवाचीं आद्याक्षरें म्हणजेच जीएसएम. ७ सप्टेंबर १९८७ रोजीं कोपनहेगन येथें तेरा देशांच्या प्रतिनिधींनीं करारावर सह्या केल्या, आणि १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनीं या पद्धतीनें पहिलें संभाषण केलें. आपल्या देशांत ती १९९५ सालीं आली.

या पद्धतीचे नियम हजारों पृष्ठांत छापले गेले, आणि ते वाचण्यास कोणास मज्जाव नव्हता. तथापि दोन गोष्टी मुठींतच राहिल्या. संभाषण गुप्त राखणारें ए५ हें सूत्र प्रसिद्ध केलें गेलें नाहीं. आणि बेसबँडची आज्ञावली बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्यांनीं आपल्या तिजोरींत ठेवली. नियमांचें पुस्तक सर्वांचें, खेळ मात्र मूठभरांचा, अशी ही स्थिति होती. त्यांत एक मोठें वैगुण्य दडलें होतें. मनोरा फोनची ओळख पटवून घेई. फोनला मात्र मनोऱ्याची ओळख मागतां येत नसे. खोटा मनोरा कोणी उभारला तर काय, या प्रश्नाला उत्तर एकच होतें : एवढीं महाग यंत्रें व एवढी विद्या सामान्य माणसाला मिळणार कोठून?

या उत्तराला पहिला तडा १९९९ मध्यें गेला. मार्क ब्रिसेनो यांनीं प्रत्यक्ष फोन उलगडून गुप्त सूत्राची रचना बाहेर काढली. पुढें २००७ सालीं ओपनमोको या प्रकल्पानें निओ १९७३ हा फोन काढला. त्याची आज्ञावली सर्वांस खुली असावी अशी प्रतिज्ञा होती; पण त्यांतील कॅलिप्सो नांवाची रेडिओची चिप मात्र बंदच राहिली. घर सगळें मोकळें आणि देवघरास कुलूप, असा तो प्रकार झाला. त्या प्रकल्पांत काम केलेले जर्मन प्रोग्रामर हाराल्ड वेल्टे यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मग उलट्या टोंकाकडून आरंभ केला. सीमेन्स कंपनीचीं जुनीं मनोरायंत्रें मिळवून त्यांवर हुकमत चालविणारी ओपनबीएससी ही आज्ञावली त्यांनीं २००८ मध्यें लोकांपुढें ठेवली. मनोरा हातीं आला. राहिला तो फोन.

तें काम २०१० सालीं ऑस्मोकॉमबीबी या नांवानें सुरू झालें. वेल्टे, सिल्व्हें म्युनो प्रभृति मंडळींनीं निवडलेला फोन पाहून कोणासहि हसूं आलें असतें. मोटोरोलाचा सी१२३ हा अगदीं स्वस्त, साधा, बटणांचा फोन. पण निवड विचारपूर्वक होती. त्यांत तीच कॅलिप्सो चिप होती, तिचीं अंतर्गत कागदपत्रें पूर्वींच फुटून बाहेर आलीं होतीं, आणि परकी आज्ञावली भरतांना हा फोन निर्मात्याच्या स्वाक्षरीचा आग्रह धरीत नसे.

या कामाची अडचण वाचकांच्या ध्यानांत यावी म्हणून थोडा तपशील देतों. जीएसएममध्यें एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीनें बोलतात. प्रत्येकाच्या वांट्यास येणारी पाळी एका सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकीं सुमारें ५७७ भागांची. ती चुकली कीं शेजाऱ्याच्या बोलण्यांत व्यत्यय आलाच. शिवाय लहरीस प्रवासास वेळ लागतो; म्हणून मनोऱ्यापासूनचें अंतर दर साडेपांचशे मीटरांनीं वाढलें कीं फोनला आपलें बोलणें एका पायरीनें आधीं सुरू करावें लागतें. हें घड्याळ सांभाळणारा सर्वांत खालचा थर त्यांनीं फोनमध्यें ठेवला. संभाषण जुळविणारे वरचे थर टेबलावरील संगणकांत चालविले. आणि दोघांना जोडणारी तार इयरफोनच्या छिद्रांतून आंत नेली! त्याच वर्षांत या फोनवरून खरोखर बोलतांहि येऊं लागलें.

परिणाम लौकरच दिसले. १९९९ मध्यें जी मूठ किलकिली झाली होती, ती डिसेंबर २०१० मध्यें बर्लिनच्या एका परिषदेंत पुरती उघडली : कार्स्टन नोल व म्युनो यांनीं असल्याच स्वस्त फोनांच्या साह्यानें संभाषण टिपून त्याची गुप्तता भेदून दाखविली. २०१३ मध्यें बर्लिनच्या तंत्रविद्यापीठांतील संशोधकांनीं सिद्ध केलें कीं मनोऱ्यानें हांक एकास मारावी आणि चपळ फोन हातीं असलेल्या दुसऱ्यानेंच ओ द्यावी, हेंहि शक्य आहे.

यावर आक्षेप असा कीं, ही विद्या उघड केल्यानें चोरांचेंच फावलें. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. आकाशांतील लहरी ही सामायिक मिळकत आहे, आणि एक अविचारी फोन शेजारच्या शेंकडों फोनांस अडथळा करूं शकतो. म्हणूनच परवान्यावांचून प्रक्षेपण करण्यास कायद्याची मनाई असते, व ती योग्यच आहे. परंतु खोटे मनोरे या प्रकल्पापूर्वींहि होते. ते पोलिसांस व हेरखात्यांस विकले जात. ज्याच्यापाशीं पैसा व सत्ता, त्याला कुलपाची किल्ली मिळतच होती. कुलूप कच्चें आहे हें ठाऊक नव्हतें तें फक्त ज्याचें घर, त्याला. पुढें तिसऱ्या पिढीच्या पद्धतींत फोनलाहि मनोऱ्याची ओळख पडताळतां येऊं लागली, आणि २०१३ च्या अखेरीस डॉइच टेलिकॉमनें आपल्या जुन्या जाळ्यांतहि अधिक भक्कम सूत्र आणण्याचें जाहीर केलें. दोष दिसल्यावांचून दुरुस्ती होत नाहीं, हा नियम येथेंहि खोटा ठरला नाहीं.

तरीहि विजयाचा डंका पिटण्यासारखी स्थिति नाहीं. कॅलिप्सोमध्येंहि लहरींचें गणित करणारा जो प्रक्रियक होता, त्याची कायमची कोरलेली आज्ञावली तशीच राहिली. नंतरच्या चिपा निर्मात्याच्या स्वाक्षरीवांचून परकी आज्ञावली स्वीकारीतनाशा झाल्या. पाइनफोन या अलीकडील खुल्या फोनच्या मोडेमवर स्वयंसेवकांनीं स्वतःची आज्ञावली चढविली खरी. पण रेडिओचा गाभा तेथेंहि बंदच आहे. शिवाय जीएसएमचीं जाळींच अनेक देशांत मिटत चाललीं आहेत. ऑस्ट्रेलियांत टेलस्ट्रानें आपलें जाळें २०१६ च्या अखेरीस बंद केलें.

आपल्या देशांत कितीतरी वैद्यांचे व कारागिरांचे हातखंडे प्रयोग त्यांच्याबरोबरच लयास गेले, कारण मूठ झांकली कीं मोल वाढतें अशी त्यांची समजूत होती. त्या गुप्ततेनें नुकसान झालें तें विद्येचें. येथें नुकसान आणखी एकाचें होतें. दाम मोजून जो यंत्र विकत घेतो, परंतु त्याच्या अर्ध्या भागाचा धनी कधींच होत नाहीं, त्याचें. या मंडळींनीं मुठीचें एकच बोट उघडलें, आणि तेंहि जुन्या, टाकाऊ फोनवर. पण मूठ उघडतां येते, हें त्यांनीं दाखवून दिलें; उरलेलीं बोटें उघडण्याचें काम पुढच्या पिढीचें आहे.